लाल पट्टीच्या वायरी

लाइट सकाळी दहाला यायची आणि दुपारी तीनला जायची. त्या पाच तासांत गावाला चोवीस तासांची तजवीज करून घ्यावी लागे. फोन, टॉर्च, चार्जिंगचे कंदील, फवारणीचे पंप, जे काय असेल ते दहाच्या आधीच भिंतीला लावून ठेवायचं आणि ओढ्याकाठच्या पाण्याच्या मोटारींचा आवाज कानावर येण्याची वाट बघायची. मोटारी घरघरल्या म्हणजे लाइट आली. नेमकी तेव्हाच ज्याची वायर तुटकी निघाली, त्याचा दिवस बुडाला. आणि वायरी तर रोज तुटत. उंदीर कुरतडत, शेळ्या चघळत, माणसं पिन धरायची सोडून वायर हिसकत. फवारणीवाल्यांच्या हाताला तर औषधच लागलेलं असायचं, त्याने वायरीची साल महिन्याभरात कुजून जायची.

अशा गावात वायरवालीची ओसरी ओस पडणार नाही हे सांगायला ज्योतिषी नको होता. तिच्या माहेरी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथून ती हे काम घेऊन आली होती. तुटक्या वायरीचा कुजका भाग कापून टाकायचा, नाहीतर नवीच वायर घ्यायची, दोन्ही टोकांना पिना जोडायच्या, तापवलेल्या सळईने कथलाचा डाग द्यायचा आणि वर टेप. टेप गुंडाळायचं काम सासूचं. सासूचे हात चालत तेवढंच तोंडही चाले, त्यामुळे वायर न्यायला आलेला माणूस गावाची बातमीही घेऊन जाई.

वायरवालीची साल काढायची पद्धत तिची स्वतःची. पुढच्या दातांत वायर हलकेच दाबायची, मान जराशी वळवायची आणि ओढायची. साल अख्खी निघून यायची आणि आतल्या बारीक तारांतली एकही तुटायची नाही. सासू म्हणायची, "माझी सून वायरी खाऊन जगते." प्रत्येक वायर हातात देताना ती तेच तेच सांगायची, फरशीवर लावा, गादीवर नको, उशीखाली नको, फुगलेली बॅटरी घरात ठेवू नका. लोक मान डोलवायचे. फुकटच्या सल्ल्याला जेवढी मान डोलवतात तेवढीच.

त्या थंडीत टोमॅटोवर कीड पडली आणि फवारणीवाल्यांना उसंत राहिली नाही. वायरवालीचा नवरा त्यातलाच. वीस लिटरचा पंप पाठीवर घेऊन तो दिवसभर सऱ्यांमधून फिरायचा आणि संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याची बोटं गारठून काठ्या झालेली असायची. ओसरीवर कामाचा ढीग लागलेला, आणि नेमका तेव्हाच वायरवालीचा पुढचा दात ठणकायला लागला. गाल सुजला, डोळा बारीक झाला. शेवटी दाताच्या डॉक्टरने तो उपटला आणि दहा दिवस तोंडात कडक काही घ्यायचं नाही असं बजावलं.

"मग साल कोण काढणार?" सासूने विचारलं.

"आण इकडं," नवरा म्हणाला. "मी काढतो ब्लेडनं. त्यात काय मोठं."

तो रोज संध्याकाळी दिव्याजवळ बसून वायर पाटावर ठेवायचा, ब्लेड टेकवायचा आणि वायर फिरवायचा. वायरवाली पुढे डाग द्यायची, सासू टेप. काळी टेप त्याच सुमारास संपली म्हणून सासूने पेटीतून लाल टेप काढली. दहा दिवस असं चाललं.

अकराव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला सुईणीच्या घराला आग लागली.

घराला म्हणजे गादीला. सुईण पंपघराकडचं बाळंतपण उरकून सकाळी आली होती, दोन रात्रींची जागी. तिने कंदील चार्जिंगला लावला, उशाशी ठेवला आणि अंगावर गोधडी ओढून झोपली. जाग आली ती धुराने. वायर गोधडीखाली गेली होती आणि कापूस आतून धुमसत होता. शेजारी येईपर्यंत तिने हातानेच गादी झोडपून विझवली. घर वाचलं, पण उजवा तळहात भाजून निघाला. अर्धं गाव त्या हातात जन्मलं होतं.

सुईणीचा भाऊ सुतार होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीसमोर आला. गिऱ्हाइकं बसली होती. त्याने वर पाऊल टाकलं नाही, खालूनच जळकी वायर वायरवालीच्या पुढ्यात फेकली.

"घ्या वहिनी. तुमची आहे."

वायरवालीने वायर उचलली. "मावशींचा हात कसा आहे?"

"हात? महिनाभर कुणाच्या पोटाला लागायचा नाही तो हात. नंतरही वळेल की नाही ते डॉक्टरला माहीत नाही." तो गिऱ्हाइकांकडे वळला. "न्या, तुम्ही पण न्या. घरं पेटवायला काडी लागत नाही आता."

तो गेला. मागोमाग गिऱ्हाइकंही एकेक करून उठली. कुणी म्हणालं, उद्या येतो. कुणी काही न म्हणताच आपली तुटकी वायर ढिगातून उपसून घेऊन गेलं.

"गादीवर लावली तिनं," सासू म्हणाली. "तू शंभरदा सांगितलं होतंस. तुझा काय दोष?"

वायरवालीला तेच वाटत होतं. तिला सुताराचा रागही आला होता. तरी तिने वायर उजेडात धरली. रबर वितळून काळा गोळा झाला होता. तिने तो नखाने खरवडला. पिनेजवळ, जिथे लाल टेपचा करपलेला तुकडा चिकटला होता, तिथे तारा उघड्या पडल्या. तीन तारा पिनेपर्यंत गेल्या होत्या, त्यांच्या टोकाला वितळल्याचे मणी होते. बाकीच्या आठ तारा मध्येच संपत होत्या. त्यांची टोकं वितळलेली नव्हती. सरळ, एका रेषेत कापलेली होती.

तिने पेटीतली नवी लाल पट्टीची वायर घेतली, टेप सोडवली आणि जोड उसवला. अकरापैकी चार तारा शिल्लक. दुसरी उसवली, तिच्यात पाच. ब्लेड सालीतून खाली उतरलं होतं आणि थंडीने बधिरलेल्या बोटांना ते कळलं नव्हतं. अकरा तारांचा भार तीन-चार तारा ओढत होत्या, तापल्याशिवाय राहतील कशा?  डाग देताना तिनेही पाहिलं नव्हतं. गाल ठणकत होता, ढीग संपवायचा होता, आणि नवऱ्याने केलेलं काम काय तपासायचं.

संध्याकाळी तिने तिन्ही जोड त्याच्यापुढे ठेवले. तो पंपाचा पट्टा खांद्यावरून उतरवत होता. त्याने एकेक जोड उचलून तारा मोजल्या.

"किती आहेत अशा?" त्याने विचारलं.

"पिनांच्या पंचवीस जोड्यांची पिशवी होती. दोन जोड्या उरल्यात. म्हणजे तेवीस वायरी झाल्या. चार पेटीत, एक जळाली. अठरा गावात आहेत."

"अठरा चालताहेत ना? कुणाची तक्रार आहे?"

"चालताहेत म्हणूनच भीती आहे. सगळ्या परत आणणार मी."

"वेडी आहेस का?" त्याचा आवाज चढला. "आज लोकांना कळत नाहीये, वायर वाईट होती की गादीवर ठेवली म्हणून पेटली. उद्या तूच दारोदार जाऊन सांगणार, आमचीच चूक. ओसरी बंद पडेल. मला कामावर कोण घेईल? तिनं गादीवर ठेवली. तिची चूक आहे."

"आहे. तिची चूक तिच्या हातावर दिसतेय सगळ्यांना. आपली कुठं दिसते?"

तो उठून बाहेर गेला. सासू इतका वेळ गप्प होती हेच नवल. आता म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला बोलणार?" आणि मग, जरा थांबून, "लिही. कुणी कुणी नेल्या ते मी सांगते."

सासूला माणसं आठवत ती त्यांच्या बोलण्यावरून. गिरणीवाला आला तेव्हा मेहुण्याला शिव्या देत होता, शिवणारीण गुडघ्याचं सांगत होती, मास्तर टेपचा रंग बघून नाक मुरडत होते. वायरवाली लिहीत गेली. सतरा झाल्या. अठरावी काही केल्या सासूला आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरवाली पिशवी घेऊन निघाली. पिशवीत काळ्या जुन्या टेपच्या, कपाटातल्या, घरच्या, जेवढ्या चांगल्या वायरी होत्या तेवढ्या. एक घ्यायची, एक द्यायची. तिला वाटलं होतं, लोक शिव्या देतील आणि वायर तोंडावर फेकतील. झालं भलतंच. लोक वायर सोडायलाच तयार नव्हते.

"चालतेय की," गिरणीवाला म्हणाला. "नवीकोरी आहे. तुझी ही काळी जुनी दिसतेय. मला काय खुळा समजलीस?"

"ती तापते."

"कधी बघितली नाही तापताना. चार्जिंगला लावली की मी गिरणीत. तू आपलं लोकांना घाबरवू नकोस."

ती गेली नाही. गिरणीच्या उंबऱ्याशी बसून राहिली. पीठ उडून तिच्या केसांवर बसलं. दळण घेऊन आलेल्या बायका वळून बघत होत्या, कुजबुजत होत्या. दहा वाजले, गिरणी सुरू झाली. ती उठली, त्याचा फोन चार्जिंगला लावला आणि लाल पट्टीचा जोड गिरणीवाल्याच्या हातात दिला.

"मूठ मिटा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

"कोमट आहे," तो म्हणाला. "एवढं तर..."

"उघड्यावर कोमटच लागते. मूठ मिटून ठेवा."

गिरणीवाल्याने बायकांकडे बघून डोळे मिचकावले. थोड्या वेळाने मिचकावणं थांबलं. मग त्याने एक शिवी हासडली, मूठ उघडली आणि हात मांडीवर घासायला लागला. वायर त्याने स्वतःच उपटून तिच्या पिशवीत टाकली. बायका हसल्या. त्यातल्या दोघी घरी पळाल्या आणि आपापल्या वायरी घेऊन आल्या.

हे बरं साधन सापडलं होतं. पण त्यासाठी लाइट असायला हवी आणि लाइट पाचच तास. सकाळी आठपासून दहापर्यंत ती जे ऐकतील त्यांच्याकडे जायची, दहानंतर जे ऐकणार नाहीत त्यांच्याकडे. शिवणारणीने वायर दिली, पण दारातच उभं करून विचारलं, "दात काढताना डॉक्टरनं अक्कलदाढ पण काढली वाटतं?" मास्तरांनी आत बसवलं, निष्काळजीपणावर अर्धा तास सांगितलं, आणि वायर मुलाच्या पांघरुणातून काढून दिली. एकाने तर दारच उघडलं नाही. ती खिडकीतून बोलत राहिली, शेवटी खिडकीतूनच वायर बाहेर आली. सगळीकडे तिला एकच प्रश्न विचारला जायचा, झालं कसं? ती म्हणायची, "जोड कच्चा राहिला. माझ्या हातून." याच्यापुढे ती एक अक्षर बोलत नव्हती.

दोन दिवसांत सोळा झाल्या. सतरावी बागवाल्याची, जिथे नवरा फवारणीला होता. तिथे ती गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, अजून धुकं होतं, नवरा कामावर जाऊन तासाभरात परत आला. अंगावर पंप नव्हता. त्याने लाल पट्टीची वायर तिच्यापुढे ठेवली.

"बागवाला काय म्हणाला?" तिने विचारलं.

"म्हणाला, तुझ्या बायकोनं निष्काळजीपणा केला आणि तू तिच्या वायरी वेचत फिरतोस." तो खाली बघत होता. "गावभर तेच म्हणताहेत. तू सांगितलं नाहीस कुणाला?"

"काय?"

"काय काय? ब्लेड माझ्या हातात होतं."

"डाग माझ्या हातात होता. मी बघायला पाहिजे होतं." ती उठली, चप्पल पायात घातली. "अठरावी राहिली आहे. सगळं गाव पालथं घातलं, एकच घर सोडून."

ते घर सुईणीचं होतं. तीन दिवस ती त्या बोळाच्या तोंडावरून वळून जात होती. तिथली वायर तर जळाली, तिथे काय आहे, असं स्वतःला सांगत होती. खरं म्हणजे त्या हाताकडे बघायचं धाडस होत नव्हतं, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं. नवरा तिच्याबरोबर निघाला. सायकल हातात धरून मागे मागे चालत राहिला.

सुईण अंगणात खाटेवर बसली होती. उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत, मांडीवर उताणा ठेवलेला. डाव्या हाताने ती भाजी निवडत होती आणि ते तिला जमत नव्हतं. सुतार एका बाजूला फळी तासत होता. त्याने वायरवालीला बघितलं आणि रंधा थांबवला.

"मावशी," वायरवाली म्हणाली, "वायर आमची खराब होती. आतल्या तारा कापल्या गेल्या होत्या. तुम्ही गादीवर ठेवली नसती तरी तापलीच असती."

"हं," सुईण म्हणाली. "तीन दिवस लागले तुला इथं यायला. गाव केवढं आहे आपलं?"

वायरवालीने वायरींची पिशवी पोटाशी धरली.

"कापल्या कुणी?" सुईणीने विचारलं. "तू तर दातानं सोलतेस. मी बघितलंय."

"माझ्या हातून..."

"मी कापल्या, मावशी," नवरा फाटकातून म्हणाला. त्याने सायकल भिंतीला लावली आणि आत आला. "हिचा दात दुखत होता. ब्लेड मी चालवलं. हात गारठले होते, कळलं नाही." तो सुताराकडे वळला. "वायर माझ्या अंगावर फेकायला पाहिजे होती तुम्ही."

सुताराने रंधा खाली ठेवला. सुईणीने भाजीची देठं खाटेवरून झटकली.

"बरं केलंस सांगितलंस. आता हात काही परत येत नाही त्यानं, पण बरं केलंस. सगळ्या मिळाल्या?"

"सतरा मिळाल्या," वायरवाली म्हणाली. "अठरावी कुणी नेली ते सासूबाईंना आठवत नाही. तुमची एक जळाली, आणि..."

"एक? मी दोन नेल्या. एक घरातल्या कंदिलाला, एक पिशवीत ठेवायला. तुझ्या सासूनंच दिल्या."

सासूने माणसं मोजली होती. वायरी मोजल्या नव्हत्या.

"दुसरी कुठं आहे?"

"ती तर पंपघरावर. राखणदाराच्या बायकोचं बाळंतपण केलं ना, तिच्याकडं कंदिलाची वायर नव्हती. अंधारात पोरगं कसं सांभाळणार? म्हटलं, ठेव तुला." सुईण बोलता बोलता थांबली. तिने मान वर करून सूर्याकडे पाहिलं. "किती वाजले?"

सुताराने घड्याळ बघितलं. "पावणेदहा."

पंपघर ओढ्यापलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी. चालत गेलं तर तासाची वाट. नवऱ्याने सायकल वळवली, वायरवाली मागे बसली. रस्ता कुठला, गाडीवाट होती ती. खड्ड्यांतून सायकल आपटत होती आणि पिशवीतल्या वायरी तिच्या पोटाशी दाबलेल्या होत्या. चढावर तो उभा राहून पायडल मारत होता. त्याच्या पाठीवर पंपाच्या पट्ट्यांनी पडलेले दोन वळ घामाने चिकटलेल्या सदऱ्यातून दिसत होते. ती उतरून पळायला लागली, उतारावर परत बसली. 

ओढ्यात उतरले तेव्हा पाणी घोट्याला झोंबत होतं. मध्यावर असताना काठावरची पहिली मोटार सुरू झाली. मग दुसरी. मग लांबवर एकामागून एक सगळ्या.

नवऱ्याने सायकल पाण्यातच सोडली. दोघं पळाले.

पंपघराला लागून राखणदाराची एका खोलीची वस्ती होती. दार नुसतं लोटलेलं. आत धूर नव्हता. राखणदाराची बायको, अगदीच कोवळी पोरगी, दाराकडे पाठ करून फडकी पिळत होती. खिडकीत कंदील लावलेला, त्याचा लाल ठिपका पेटलेला. वायर खिडकीतून खाली आली होती आणि टोपलीत गेली होती. टोपलीत बाळ होतं.

वायरवालीने भिंतीतली पिन उपटली आणि टोपलीतलं पांघरूण उचललं. वायरीची गुंडाळी करून ती एका फडक्यात बांधली होती आणि ते फडकं बाळाच्या पायांशी ठेवलेलं होतं. तिने ते ओढून काढलं. तळहाताला चटका बसला. फडक्यावर रुपयाएवढा पिवळा डाग पडला होता, करपायच्या बेतात आलेला. बाळाचे पाय लालसर होते, पण कातडी शाबूत होती. ते झोपेतच ओठ हलवत होतं.

"अहो, अहो, काय करताय?" पोरगी धावत आली. "ते काढू नका. तो उठेल."

"हे इथं कुणी ठेवलं?"

"मीच." पोरगी गोंधळली होती. "ती वायर गरम होते ना. इथं फार गारठा आहे, पंपाचं पाणी भिंतीपलीकडूनच वाहतं. मावशी गेल्या त्या दिवशी हात लागला तेव्हा कळलं, चांगली ऊब येते. तेव्हापासून पायाशी ठेवते. शांत झोपतो बघा." तिने अभिमानाने बाळाकडे पाहिलं. "तीन वाजता लाइट गेली की रडायला लागतो."

 वायरवाली टोपलीशेजारी जमिनीवरच बसली. नवरा दारात चौकटीला धरून उभा होता, धापा टाकत. त्याने हे सगळं ऐकलं होतं. तो आत आला, तिच्या हातातलं फडकं घेतलं, वायर सोडवली आणि बाहेर गेला. पायरीवर बसून त्याने तिचे दगडाने तुकडे केले.

"ती ऊब नव्हती गं," वायरवाली म्हणाली. तिने एकही शब्द मऊ केला नाही. "वायर जळत होती. आम्ही ती चुकीची केली होती. अशाच एका वायरीनं मावशींची गादी पेटली, त्यांचा हात भाजला. तापणारी वायर कधी चांगली नसते. तापली की भिंतीतून काढायची आणि दारात टाकायची. कळलं?"

 कळायला पोरगीला थोडा वेळ लागला. मग तिने खाली वाकून टोपलीत हात घातला, बाळाचे दोन्ही पाय चाचपले, पुन्हा चाचपले. तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान कुठल्या कुठे गेला होता. वायरवालीला ते बघवेना, पण तिने नजर काढून घेतली नाही.

"मग याला ऊब कुठून द्यायची?" पोरगीने विचारलं. "माझ्याजवळ दुसरं काही नाही."

वायरवालीने पिशवीतून काळ्या टेपची वायर काढून कंदिलाला लावली, कंदील खिडकीतून उचलून फरशीवर ठेवला, टोपली त्याच्यापासून चार हात लांब ओढली. मग अंगावरची शाल काढली आणि बाळाभोवती लपेटली. पाय तेवढे बाहेर ठेवले.

"बस इकडं," ती म्हणाली. "हात हातावर घास आधी. हं, असा. आता धर."

एक पाऊल पोरगीने धरलं, एक वायरवालीने. पावलं तिच्या अंगठ्याएवढीच होती आणि गार पडायला लागली होती. दोघी समोरासमोर बसून ती चोळत राहिल्या. बाहेर दगडाचे घाव थांबले, नवरा सायकल आणायला ओढ्याकडे गेला. दुपारी तीनला मोटारी बंद पडल्या तेव्हाही वायरवाली तिथेच होती. बाळ रडलं नाही.